चाकातली हवा आपोआप जात नाही

पत्र

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून 26 वर्षांच्या वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती रोज स्कूटीने तालुक्याच्या बसस्टँडवर येते, मागच्या सायकल स्टँडवर गाडी लावते आणि एसटीने यवतमाळला नोकरीला जाते. परतीची गाडी पावणेआठच्या सुमारास पोचते. सायकल स्टँडवाले काका सातलाच टेबल उचलून घरी गेलेले असतात, उरलेल्या गाड्या कडुनिंबाखाली अंधारात. दिवाळीनंतर दोनदा तिच्या मागच्या चाकात हवा नव्हती. दोन्ही वेळा समोरच्या मोबाइलच्या दुकानात बसणारा एक मुलगा "पंक्चर झाली का?" म्हणत लगेच हजर झाला. हँडलला नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या खोचलेल्या सापडतात. एकदा तो बाइकने नाल्यापर्यंत मागे आला. घरी तिने काही सांगितलेलं नाही. स्थळं येताहेत, आणि बाबा म्हणतील, "उद्यापासून जाऊ नको." तिच्या पगारातून धाकट्या भावाची अमरावतीच्या कॉलेजची फी जाते. ती विचारते: कोणता स्प्रे घेऊ? कराटेचा क्लास लावू का? की पाचची गाडी मिळेल अशी, कमी पगाराची का होईना, दुसरी नोकरी बघू? शेवटी लिहिते, "पोलिसात जाण्यासारखं तसं काही झालेलं नाही. मला त्या अंधाराचीच भीती वाटते."

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आधी चाकाबद्दल बोलू. दुसऱ्या वेळी पंक्चरवाल्याने टायरला साबणाचं पाणी लावून पाहिलं, फेस कुठेच आला नाही, त्याने नुसती हवा भरून दिली आणि ती पुढे टिकली, असं तू लिहिलं आहेस. म्हणजे ते पंक्चर नव्हतं. कुणीतरी वॉल्व्हची टोपी काढून आतली पिन दाबून धरली होती. टायर पार बसेपर्यंत असं दाबून धरायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ एक माणूस तुझ्या गाडीपाशी उकिडवा बसून होता. तू आल्यावर मदतीला कोण आलं, हेही तूच लिहिलं आहेस. तो तोच, असं मी इथे बसून शपथेवर सांगू शकत नाही. पण या दोन गोष्टी तुझ्या पत्रात पाच ओळींच्या अंतरावर आहेत आणि तू त्या जोडलेल्या नाहीस. कारण जोडल्या की मग "तसं काही झालेलं नाही" असं म्हणता येत नाही.

तुझी अंधाराची भीती खरी आहे. त्या कडुनिंबाखाली दिवा हवाच, त्याचं काय करायचं ते पुढे सांगते. पण तुझ्या पत्रात अंधाराने काहीच केलेलं नाही. जे केलं ते एका माणसाने केलं. त्याचं दुकान तुला माहीत आहे, तोंडओळख आहे, आणि तू कोणत्या गाडीने उतरतेस हे त्याला पाठ आहे. आपण अनोळखी गुंडाला घाबरायला शिकलेल्या बायका आहोत. सरकारचे गुन्ह्यांचे आकडे मात्र वर्षानुवर्षं वेगळंच सांगतात: बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला, 3 फेब्रुवारी 2020 रोजी नंदोरी चौकात कॉलेजला निघालेल्या प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवलं गेलं. सकाळची वेळ होती आणि चौक वाहता होता. करणारा तिच्याच गावचा, तिच्या मागे लागलेला. आठवड्याने ती गेली. 2022 मध्ये त्याला जन्मठेप झाली. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. बहुतेक पाठलाग तिथवर जात नाहीत. पण "चिठ्ठ्याच तर आहेत" म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही, एवढं तरी माझ्यासोबत मान.

अंधार आणि उशीर यांना सगळा दोष दिला की दुसरीही एक गडबड होते. दोष आपसूक तुझ्या वेळेवर येतो. मग "एवढ्या राती कायले येतं वो?" हा प्रश्न तुलाच विचारला जातो, त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू सायकल स्टँडवर काय करून राहिला? पुण्याच्या स्वारगेट स्थानकात फेब्रुवारी 2025 मध्ये जे घडलं ते पहाटे घडलं, घरी जायला निघालेल्या मुलीच्या बाबतीत. "तुझी गाडी तिकडे लागते" असं गोड बोलून तिला आवारात उभ्या असलेल्या रिकाम्या शिवशाहीत नेलं गेलं. तिथे दिवेही होते आणि माणसंही. म्हणून वेळ बदलली की सुटलं, हे गणित मला पटत नाही.

तसंही पाचच्या गाडीने तुला उजेड कितीसा मिळेल? डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहालाच दिवस मावळतो. यवतमाळहून पाचला निघालीस तरी स्टँडवर उतरेपर्यंत अंधारच, आणि मोबाइलचं दुकान तेव्हा अजून उघडं. पगार कमी होईल, भावाची फी अडेल, आणि तो मुलगा तिथेच बसलेला असेल, कारण दवाखान्याला, बँकेत, बाजाराला तालुक्याला यावं तर लागेलच. नोकरी बदलायची असेल तर चांगल्या पगारासाठी बदल, याच्यासाठी नको.

आता तुझा स्प्रेचा प्रश्न. आपल्याकडे स्प्रे बाळगायला बंदी नाही. स्वतःच्या बचावासाठी गरजेपुरतं बळ वापरण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेने दिलेला आहे. हवा तर घे. पण तो पर्सच्या तळाशी, डब्याच्या खाली असेल तर त्याचा उपयोग शून्य. वारं तोंडावर असेल तर तुझेच डोळे जातील, आणि भिवापुरी मिरचीच्या देशात हे मी कुणाला समजावून सांगायची गरज नाही. शिवाय स्प्रे शेवटच्या दोन हातांच्या अंतरावर कामाला येतो. तुझा प्रश्न त्याच्या बराच आधी सुरू झालेला आहे. कराटेचंही तेच. अंगात जोर येतो, चालण्यात फरक पडतो, आवडत असेल तर जरूर शीक. पण सहा महिन्यांनी येणारा पट्टा उद्या संध्याकाळी पावणेआठला कामाचा नाही.

मोबाइलवर एक यादी फिरत असते, तुलाही आली असेल: पार्किंगमध्ये गेल्यावर लिफ्टने जा, जिन्याने नको, मागच्या सीटवर कुणी लपलंय का बघा, शेजारी बंद व्हॅन असेल तर दुसऱ्या बाजूने चढा. नागपुरात मॉलच्या तळघरात चारचाकी लावणाऱ्या बाईसाठी ती ठीक आहे. गाडीपाशी जाण्याआधी किल्ली हातात हवी आणि बसल्याबरोबर दारं लॉक करून निघायचं, गाडीत बसून मेसेज वाचत राहायचं नाही, हे तिनेही पाळावं आणि तूही. बाकी आपली पार्किंग म्हणजे कडुनिंब, एक दोरी आणि एक काका. इथे लिफ्ट नाही, तशी तुला पूर्ण अनोळखी असलेली माणसंही फारशी नाहीत. स्टँडवर तुला ओळखणारे वीसजण असतील. तुझी खरी ताकद तीच आहे, आणि नेमकी तीच तू वापरत नाहीस, कारण कुणाला काही कळू नये असं तुला वाटतं. त्या मुलाचा सगळा डाव तुझ्या या गप्प बसण्यावर चालला आहे.

म्हणून उद्यापासून गाडीची जागा बदल. स्टँडच्या जवळ रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उघडं असणारं एखादं मेडिकल असेलच. दुकानासमोर दिवा, माणसांची ये-जा, बहुधा कॅमेराही. सकाळी जाऊन मालकाला, त्यांची बायको किंवा आई गल्ल्यावर बसत असेल तर त्यांनाच, सरळ विचार: "काकू, माझी गाडी दिवसभर इथे लावली तर चालेल का? सायकल स्टँडचे पैसे मी तुम्हालाच देत जाईन." बहुतेक लोक पैसेही घेत नाहीत. कारण विचारलं तर खरं सांग, "तिथे गाडीची हवा सोडतात." एवढं बोललीस की एक माणूस तुझ्या बाजूने वाढला. मेडिकल नसेल तर ओळखीच्यांचं घर, किराणा दुकान, पतसंस्थेचं आवार. पण तू परत येतेस त्या वेळेला उघडं आणि उजेडात असेल असंच ठिकाण बघ.

दुसरं, एसटीतल्या बायका. मार्च 2023 मध्ये बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून संध्याकाळच्या गाड्यांत नर्स, शिक्षिका, कॉलेजच्या पोरी, कोर्टकचेरीचं काम करून परतणाऱ्या बाया किती वाढल्या आहेत, हे तू रोज बघतेस. तुझ्या गाडीतून उतरणाऱ्या आणखी दोघी-तिघी कुठे गाडी लावतात, ते विचार. चौघींच्या गाड्या शेजारी लागल्या आणि चौघी मिळून चालत गेल्या की कडुनिंबाखाली उभं राहणाऱ्याची अर्धी मजा तिथेच संपते. बोलायला काढलंस तर त्यांच्यातल्या एखादीच्या हँडललाही चिठ्ठी निघेल. अशी मुलं सहसा एकाच हँडलवर थांबत नाहीत.

पुन्हा हवा गेलेली दिसली तर? गाडी ढकलत कुठेही जायचं नाही. "चल, मी भरून आणतो", "माझ्या गाडीवर बस, सोडतो", काहीही असो, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. थँक्यूसुद्धा नको. गाडी तिथेच सोड, वळ आणि उजेडात ये: कंट्रोलरच्या केबिनपाशी किंवा मेडिकलवर. तिथून पंक्चरवाल्याला फोन कर, त्याचा नंबर आजच घेऊन ठेव. डिकीत पायाने मारायचा छोटा पंप ठेवलास तरी वाईट नाही, पण तो अंधारात एकटीने मारत बसायचा नाही. गाडीला हात लावण्याआधी चाकाचा फोटो काढ, म्हणजे तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते.

तुझ्या अकरा किलोमीटरच्या रस्त्याचंही थोडं बघू, कारण पार्किंगमधला त्रास पार्किंगमध्ये संपत नाही. टाकी नेहमी अर्ध्याच्या वर असू दे. कुणी मागे येतंय असं वाटलं तर गावाकडे जायचंच नाही. नाल्याच्या आधीच कुठेतरी वळण घे आणि परत पेट्रोल पंपावर, ढाब्यावर किंवा सरळ ठाण्यात ये. गाडी आडवी घातली, कट मारला तरी उतरून भांडायला थांबायचं नाही, हॉर्नवर हात ठेवायचा आणि निघायचं. निघताना व्हॉट्सॲपवरून एक तासाचं लाइव्ह लोकेशन घरी पाठव. मात्र नाल्यापाशी रेंज जाते असं तू लिहिलंस, म्हणजे तिथे नकाशावरचा ठिपका अडकणार आणि 112 सुद्धा लागेलच असं नाही. म्हणून ठिपक्यावर विसंबू नको, वेळ ठरव: सवाआठपर्यंत पोचल्याचा फोन नाही आला तर घरून कुणीतरी नाल्याकडे निघायचं. आता हे घरी कुणाला माहीत असल्याशिवाय होत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्याकडे येते.

112 चा एक मुद्दा राहिला. फोनचं पॉवरचं बटण लागोपाठ दाबलं की आपत्कालीन कॉल जातो, अशी सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते. साध्या फोनवर 5 किंवा 9 चं बटण दाबून धरायचं असतं. तुझ्या फोनमध्ये ते सुरू आहे का, किती वेळा दाबावं लागतं, हे घरी बसून सेटिंगमध्ये बघून ठेव. ऐन वेळी शोधण्याची ती गोष्ट नाही. बायकांसाठीची 181 ही हेल्पलाइनही आहे, पण अंगावर प्रसंग आला तर 112 च.

आता पोलीस. तू ज्याला "काही झालेलं नाही" म्हणतेस, त्याला कायद्यात नाव आहे. 2012 च्या दिल्लीच्या घटनेनंतर 2013 मध्ये पाठलाग हा वेगळा गुन्हा झाला. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे: बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही जो पुरुष तिच्या पुन्हा पुन्हा मागे जातो, बोलणं वाढवायला बघतो, तो गुन्हेगार. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत. यात कळीचा शब्द आहे "स्पष्ट". तू आत्तापर्यंत चिठ्ठ्या फेकल्यास, मान खाली घालून निघालीस. तुझ्या मनात तो नकारच होता, पण उद्या तो म्हणेल, मला काय माहीत, तिने तर कधी नाही म्हटलं नाही.

तर नकार एकदा, शब्दांत द्यायचा. पण एकटीने नाही, अंधारात नाही, आणि त्याच्या नंबरवर मेसेज करून तर अजिबात नाही, तुझा नंबर त्याच्या हाती जाईल. सोबतच्या बायका असताना, कंट्रोलरच्या केबिनसमोर, तो जवळ आला की मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "माझ्या गाडीला हात लावायचा नाही, चिठ्ठ्या ठेवायच्या नाहीत, माझ्या मागे यायचं नाही." बस. शिव्या नकोत, कारणं नकोत, "माझं लग्न ठरलंय"सारखी खोटी ढाल तर नकोच, कारण त्यातून त्याला एवढंच कळतं की लग्न ठरलं नसतं तर वाव होता. त्यानंतर एक शब्दही बोलायचा नाही. असं त्याच्या तोंडावर बोलायची भीती वाटत असेल, किंवा तो तापट आहे असं कळलं असेल, तर तेही नको. ते काम पोलिसांना करू दे.

अर्ज लेखी दे. तारखा, वेळा, चाकाचा फोटो, पंक्चरवाल्याने काय सांगितलं, नाल्यापर्यंत मागे आला तो दिवस, बाइकचा नंबर दिसला असेल तर तो. यापुढच्या चिठ्ठ्या फाडू नको, प्लास्टिकच्या पिशवीत ठेव; त्याच्या हाताचं अक्षर आहे ते. स्टँडवर किंवा समोरच्या दुकानांत कॅमेरे असतील तर अर्जात लिही, आणि उशीर करू नको. बहुतेक कॅमेरे काही दिवसांनी जुनं पुसून त्यावरच नवं चित्रण करतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही.

ठाण्याची पायरी चढायची भीती आपल्याकडे उगाच आलेली नाही. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला, 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघांना सोडलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलावा लागला. देसाईगंज म्हणजे वडसा, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. त्या बदलांची साखळी आजपर्यंत चालू आहे, आणि तिचा फायदा तुला मिळतो: अशा गुन्ह्यात बाईची तक्रार महिला पोलिसाने किंवा महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाणेदाराने नोंद घेतली नाही तर तोच मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. जाताना सोबत एक बाई ने, मेडिकलच्या काकू असल्या तर फारच उत्तम. तालुक्याला दामिनी पथक येत असेल तर त्यांना स्टँडची वेळ सांगून ठेव. कधी कधी दोन महिला पोलीस पावणेआठला कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या की पुढचं काही करावंच लागत नाही.

एक धोका मात्र आत्ताच सांगून ठेवते. गावात कुणीतरी म्हणेल, पोट्ट्याचं आयुष्य कायले खराब करता, तंटामुक्तीत बसून मिटवू. बांधाचा वाद, गोठ्याचं सांडपाणी, यासाठी ती समिती चांगली. पाठलाग हा तंटा नाही, त्यात दोन बाजू नाहीत. तिथे नेलं की त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतील आणि तुझ्याकडून "आता तक्रार नाही" असं. तो कागद पुढे तुझ्याच विरुद्ध वापरला जातो. पोलीस पाटलांना कळवायला हरकत नाही. समितीपुढे बसायचं नाही.

आणि घर. तुझ्या पत्राचा खरा गाठीचा भाग हाच आहे. "सांगितलं तर नोकरी जाईल" हे तुझं गृहीत आहे, ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही, तुझ्या बाबांना तू ओळखतेस. पण जरा असं बघ: नुसती अडचण सांगितली तर बापाकडे एकच उपाय असतो, जाऊ नको. कारण दुसरं काही करायला त्यांच्या हातात तू काही ठेवलेलंच नसतं. कापसाची वेचणी चालू, त्यात रात्रपाळीची लाइन असली की ते ओलितावर, ते कुठून तुला रोज घ्यायला येणार? आणि परक्याकडून कळलं तर मात्र नोकरी नक्की जाते. तालुक्याला झालेली गोष्ट गावात यायला आठवडा लागत नाही. म्हणून आधी जागा बदल, सोबतिणी जमव, अर्ज दे, पोच हातात घे, आणि मग आईला शेजारी बसवून बाबांना सांग. म्हणजे तू परवानगी मागायला आलेली नाहीस, केलेलं काम सांगायला आलीस. "बाबा, स्टँडवरचा एक पोट्टा तरास देऊन राहिला. मी ठाण्यात अर्ज देला. गाडी आता मेडिकलपाशी लावतो, संगं तिघी असतात. तुमी एकच करा, सवाआठले फोन नाई आला त नाल्यापर्यंत या." माणसाला करायला काही दिलं की तो कमी चिडतो. बाबा, काका मिळून दुकानात जाऊन त्याला बदडून येऊ म्हणाले तर मात्र आड ये. गुन्हा तुमच्या घरावर नोंदला जाईल आणि गावभर चर्चा तुझी होईल.

ते ऐकूनही नाहीच म्हणाले, तर? तर एक महिना मागून घे. "एक महिना बघा, मग ठरवू." महिनाभरात ते पुरुषी तापातून उतरतात आणि भावाच्या फीचा हप्ताही येतो.

स्थळांचं म्हणशील, तर ज्या घराला एका मुलाने पाठलाग केला म्हणून मुलगी नको वाटते, ते घर तुला आत्ताच कळलेलं बरं. हे लिहायला सोपं आणि तुझ्या आईला पटायला अवघड आहे, हे मला कळतं. म्हणून आईशी बोलताना या वाक्याने सुरुवात करू नको.

तुझ्यासारख्या इतर वाचकांपैकी ज्यांची अडचण एसटी स्टँडवर नसून नोकरीच्याच आवारात आहे, म्हणजे दवाखान्याच्या मागची अंधारी जागा, जिनिंगच्या गेटबाहेरची रांग, त्यांनी हे मालकाच्या गळ्यात घालायला लाजू नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्यात सुरक्षित वातावरण देणं हे मालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, आणि कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनचं संरक्षणही त्यात येतं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते.

राहिला कडुनिंबाखालचा दिवा. आवार एसटीचं असेल तर अर्ज आगार व्यवस्थापकांना, रस्ता नगरपंचायतीचा असेल तर मुख्याधिकाऱ्यांना. कुणाची जागा हे नक्की नसेल तर दोघांना, आणि प्रत्येकाच्या प्रतीत दुसऱ्याचं नाव, म्हणजे ढकलाढकल कमी होते. मागणी मोघम "सुरक्षा द्या" अशी नको. सायकल स्टँडवर एक दिवा, आणि ठेका दिलेला असेल तर शेवटची गाडी येईपर्यंत माणूस बसलाच पाहिजे अशी अट. ठेकेदार दिवसभराचे पैसे घेतो आणि सातला उठून जातो, हे लिहायला विसरू नको. एसटीतल्या जेवढ्या बायकांच्या सह्या मिळतील तेवढ्या घे, पण पहिली सही तुझी नको. एखाद्या वयस्क सिस्टरची किंवा मुख्याध्यापिकेची असू दे, म्हणजे तो अर्ज "त्या पोरीचं प्रकरण" होत नाही. द्यायला आठवडी बाजाराचा दिवस सोडून जा. त्या दिवशी जादा गाड्यांच्या गोंधळात साहेब जागेवर सापडत नाहीत, आणि अर्ज नुसता टेबलावर ठेवून आलीस तर पोच मिळत नाही.

तुझी ताई